कोळसा शोषून राहिला म्हणे! काहून शोषीन तो?

प्रश्न आलाय की फिल्टरमधला कोळसा पाण्यातली घाण शोषतो म्हणायचं की अधिशोषतो (म्हणजे आत न घेता पृष्ठभागावर धरतो, इंग्रजीत अ‍ॅडसॉर्प्शन), आणि तीन-चार प्रकारचे सेंद्रिय रेणू मिळून काचेवर नाहीतर सोन्यावर जे बसतं त्याला थर म्हणायचं की लेप.

शोषतो तर अजिबात म्हणू नका बाप्पा. उन्हाळा लागला की इथे नागपुरात दर दुसरा फिल्टरवाला दारात उभा राहून ‘कार्बन सगळे केमिकल शोषून घेते’ म्हणतो आणि माझं डोकं फिरतं. कोळशाचं सगळं काम वरच्यावर चालतं, फक्त त्याचं ‘वर’ अफाट असतं, आतल्या बारीक बारीक भोकांच्या भिंती मोजल्या तर एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास.

घरातलंच बघा. मागच्या रविवारी सावजीचं मटण उरलं, अर्धं स्टीलच्या डब्यात ठेवलं, अर्धं प्लास्टिकच्या. स्टीलचा डबा साबणाच्या एका हातात लख्ख, कारण तर्री नुसती पत्र्याला लागून होती. प्लास्टिकचा तीनदा घासला तरी भगवाच, मिरचीचा रंग तेलासोबत पार आत मुरलेला. तर मुरणं वेगळं, लागणं वेगळं, आणि हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकता कळत होतं, लोणचं मुरतं आणि दूध बुडाला लागतं, उलट कोणी म्हणत नाही.

आता अधिशोषण. ‘अधि’ म्हणजे वर, ते ठीक. पण ‘शुष्’ म्हणजे सुकणं हो! गीतेत ‘न शोषयति मारुतः’ आहे, म्हणजे वारा आत्म्याला वाळवत नाही. सुकं, सुकणं, मे महिन्यात घशाला पडतो तो शोष, सगळं त्याच घरचं. पाण्यात बुडालेल्या कोळशाच्या नावात सुकणं कशाला घुसवलं? तिकडे जर्मनीत तरी १८८१ मध्ये हाइनरिश कायझर या भौतिकशास्त्रज्ञानं, दु बॉय-रेमों या शरीरशास्त्रज्ञाच्या सुचवणीवरून, ‘अ‍ॅबसॉर्प्शन’मधल्या ‘अ‍ॅब’चं ‘अ‍ॅड’ केलं, एका अक्षरात काम भागलं. त्यांचा मूळ शब्द ओढून पिण्याचा. आपण उपसर्ग नीट निवडला आणि धातू मात्र वाळत घातला.

माझ्या मते खरा शब्द ‘लागणे’ आणि त्याची व्युत्पत्ती तर अशी गोड आहे की बस. संस्कृत लग्, म्हणजे चिकटणं, त्याचं लग्न, म्हणजे चिकटलेलं, त्यातूनच आपलं लागणं, आणि ‘वि’ लागून झालेल्या विलग्नातून बिलगणं. म्हणजे मांडवातलं लग्न आणि बुडाला लागलेलं दूध सख्खी भावंडं! धरमपेठेतले आमचे एक निवृत्त सर यावर नाक मुरडतात, म्हणे लग्न हा ज्योतिषाचा शब्द, पूर्व क्षितिजावरची रास म्हणजे लग्न, त्या मुहूर्तावर विवाह म्हणून ते नाव. अहो सर, मग ती रास तरी क्षितिजाला लागलेलीच असते नं? फिरून माझ्याच दारात आलात.

आणि मिश्रणात काय होतं ते लग्नाच्या पंगतीवरूनच समजतं. चपळ, हलके पोट्टे आधी जागा पकडतात, मग मानपानवाले येतात आणि पोट्ट्यांना उठावं लागतं. रेणूंचंही तेच, जो आधी पोचला तोच टिकतो असं नाही, ज्याची त्या पृष्ठभागाशी जास्त सलगी तो दुसऱ्याला उठवतो (सलगीतही ‘लग’ आहे म्हणून मी कोणाला सांगत नाही, सर रागावतात). सोन्यावर गंधकाच्या टोकानं बसणाऱ्या थायॉल रेणूंमध्ये लांब आणि आखूड शेपटीचे मिसळून अल्कोहोलमध्ये टाकले, तर बसलेल्यांत लांब शेपटीवाल्यांचं प्रमाण द्रावणातल्यापेक्षा जास्त निघतं. कोळसा भरत आला की त्यावर आधी लागलेलं काहीतरी सुटून परत पाण्यात येऊ शकतं तेही यामुळेच, म्हणून कार्ट्रिज वेळेवर बदला. शोषलं असतं तर इतक्या सहज सुटलं नसतं.

थर की लेप राहिलंच. थर. लेप आपण हातानं लावतो, थर आपला आपण बसतो. शिवाय थर हा ‘स्तर’चा, ‘स्तृ’ म्हणजे पसरणं, आणि त्याच धातूच्या आस्तरणातून अंथरूण आलंय. लँगम्यूर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं, ज्याला १९३२ चं नोबेल मिळालं, एकाच रेणूच्या जाडीचा थर मांडून दाखवला, जागा भरली की पुढचा रेणू बसायचा नाही. अंथरूण पाहून पाय पसरणं रेणूंनाही चुकलं नाही. सरांना हेही पटणार नाही, ते ‘पटल’ म्हणतील. मग दोन थर चढले की काय म्हणायचं, पटलावर पटल? गोविंदांना विचारा, ते थरच लावतात.