यादीतला ३१ वा नग

"ताई, वय ६३. बेळगावात शहापूरला २६ वर्षं गिटारी बनवतोय, दुरुस्तही करतो. आता कारखान्यातली गिटार इतकी स्वस्त मिळते की हातची कुणी विचारत नाही. चार वर्षांपासून बोटं आखडतात. गाळ्याचं भाडं वाढलंय, मुलगा बेंगळूरला आहे, तो म्हणतो बंद करा. गोव्याचा एक व्यापारी रविवारी येतोय, हत्यारं आणि लाकूड सगळं एकगठ्ठा घेतो म्हणतो. भाऊ म्हणतो, सुटं विक, दुप्पट येतील. यावरून घरात रोज वाद. यादी सोबत पाठवतोय. कामाला एक पोरगं आहे, कानडी, ११ वर्षं झाली. अजून रोज सकाळी येऊन झाडून जातं, त्याला काही बोललेलो नाही. लाकडाला हात लावला की रडू येतं. एकगठ्ठा देऊ की सुटं? — एक कारागीर"

दादा,

तुमची यादी मी पत्रापेक्षा जास्त वेळा वाचली. ४६ नग आहेत आणि एकेक किती निगुतीनं लिहिलाय! कुठल्या रंध्याचं पातं बदललंय, फ्रेटची (गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) खाच पाडायची करवत कुठल्या साली घेतली, शिसवीच्या फळ्यांच्या १८ जोडांपैकी कुठला जोड किती वर्षं वाळलाय. आणि मग ३१ वा नग: "बाजू वाकवायचा पाईप (पोरानं उद्यमबागेतून लोखंड आणून केलेला) – ४०० रुपये."

तिथेच मी अडकले.

गिटारीची बाजू म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरची शिसवी पट्टी. ती ओली करायची आणि तापलेल्या पाईपावर टेकवून हळूहळू कमरेचा बाक द्यायचा. पाईप कमी तापला तर पट्टी वळत नाही, जास्त तापला तर करपते. घाई केली तर ताडकन मोडते आणि वर्षानुवर्षं वाळवलेला जोड वाया जातो. लाकूड मऊ पडल्याचं हातालाच कळतं, ते दाबायला बोटांत जोर लागतो. आता मला सांगा, चार वर्षांपासून तुमची बोटं आखडतात. यादीच्या खाली तुम्हीच लिहिलंय की गेल्या दिवाळीपर्यंत गिटारी जात होत्या. त्या गिटारींच्या बाजू कुणी वाकवल्या?

त्याच "पोरानं" ना? मग तो झाडायला येतो असं का लिहिलंत?

अकरा वर्षं म्हणजे तो आता पोरगं राहिलेला नाही, चांगला बाप्या झालाय. तुमच्या चार पानांच्या मूळ पत्रात रंध्याच्या कंपनीचं नाव आहे, गोव्याच्या व्यापाऱ्याचं आडनाव आहे, घरमालकाचं आहे. त्याचं नाव एकदाही नाही. त्याचं हत्यार मात्र तुमच्या यादीत आहे, ४०० रुपयांना. त्यानं स्वतः लोखंड आणून, घासून केलेली वस्तू तुम्ही विकायला काढलीत आणि हे त्याला ठाऊकसुद्धा नाही. रोज सकाळी तो ज्या थप्पीवरची धूळ झटकतो, तिच्यावर किंमत लागलीय.

तुम्हाला रडू येतं यावर माझा विश्वास आहे. पण ते लाकडाला हात लावल्यावर येतं म्हणता. तो शटर वर करून आत येतो तेव्हा काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुम्हाला लाज वाटते, आणि ती चुकवायला तुम्ही एकगठ्ठा की सुटं या वादात जीव रमवताय.

माझं माहेर मिरजेचं. शाळेला जाताना आम्ही सतारमेकर गल्लीतून जायचो. उंबऱ्यात भोपळे टांगलेले असायचे, आतून लाखेचा वास यायचा. तिथे एक म्हातारे उस्ताद होते, नजर पार अधू झालेली. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढायचं, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासायचं काम त्यांचा शागीर्द करायचा. हे नुसते भिंतीला टेकून ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून." तो पुन्हा कानस फिरवायचा. "अजून." शेवटी मान हलवायचे. गिऱ्हाईक वाद्य न्यायला आलं की मात्र शागिर्दाला पुढं बोलवायचे आणि सांगायचे, "जवारी ह्यानं काढलीय." मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या पोराची मान कशी ताठ व्हायची ते मला अजून दिसतं. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम आटलं तसे १८५० च्या सुमाराला ते तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. इतकी वर्षं ते काम टिकलं ते उस्तादाच्या हातातली कानस शागिर्दाच्या हातात जात राहिली म्हणून. तुमच्या शहापुरात माग मोडीत गेलेले तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. माग गेला की विणणारा कुठं गेला, हे नंतर कुणी विचारत नाही.

आता तुमचा प्रश्न. रंधे, पटाशा, क्लॅम्प कुठलाही सुतार घेईल, ते एकगठ्ठा गेले तरी चालतील. शिसवीचं तसं नाही. कर्नाटकात ती इकडून तिकडे न्यायला वनखात्याचा परवाना लागतो. शिवाय जानेवारी २०१७ पासून शिसवीची सगळी जातकुळीच साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आली, त्यामुळे देशाबाहेर पाठवायला कागद लागतात. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, फळ्यांना नाही. व्यापारी भाव पाडणार तो इथंच, जुनी बिलं आधी शोधा. पण यातलं पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीच शिसव फळी म्हणून गेली तर अडकते, गिटार होऊन गेली तर मोकळी. आणि तिची गिटार करणारे हात तुमच्या दुकानात रोज झाडू मारताहेत.

भावाला आणि मुलाला दोन दिवस बोलू द्या, काय बोलायचं ते. तुम्ही उद्या सकाळी त्याच्या आधी दुकानात जा. तो आला की झाडू हातातून घ्या, त्याला स्टुलावर बसवा, समोरच्या टपरीवरून दोन चहा मागवा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा की दुकान बंद होतंय. कुणाकडून कळण्याआधी. मग ही यादी त्याच्या हातात द्या. ३१ वा नग त्याच्यासमोर पेनानं खोडा, तो विकायचा तुम्हाला हक्कच नाही. साचे त्याला द्या, गोव्याच्या माणसाला ते अडगळच वाटणार. १८ जोडांतले सहा त्याला निवडू द्या, अकरा वर्षांच्या कामाचे. त्याला आणखी काही हवं असेल तर यादीतल्या भावानं, महिन्याच्या हप्त्यानं. त्यानं रिपेरिंग गावाकडं सुरू करायचं की बेळगावातच, ते त्याचं तो बघेल. तुम्ही त्याच्या हाताला शिकवलंत, त्याची कानडी उळी तुमच्याकडे येऊन मराठी पटाशी झाली. आता तुमची जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाठवा, आणि फोनवर त्यांना त्याचं नाव सांगा.

तो गप्प बसेल कदाचित. चिडेलही. "मालक, मला आधी का नाही सांगितलं?" असं विचारेल. त्यावर सबब सांगू नका, बोटांचं दुखणं पुढं करू नका. चूक झाली म्हणा.

उरलेलं सामान व्यापाऱ्याला एकगठ्ठा द्या नाहीतर सुटं, त्यात मला फारसा रस नाही. तो रविवारी येतोय. आज गुरुवार, म्हणजे तुमच्याकडे दोन सकाळी आहेत. शनिवारची धरू नका.