प्रसिद्ध संगीतकारांबद्दल चटकन खरी न वाटणारी, पण खरी गोष्ट कोणती?

माझी आवडती गोष्ट टोनी आयोमीची. 'ब्लॅक सॅबाथ' या इंग्लिश रॉक बँडचा हा गिटारवादक 17 वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि नेमकी त्याच दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच! गिटार संपली असंच त्याला वाटलं.

तेव्हा कारखान्यातल्या साहेबाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. 1928 मध्ये आगीत भाजल्यापासून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी होती. उरलेल्या दोन बोटांवर तो जॅझमध्ये थक्क करणारे तुकडे वाजवायचा. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं. नेहमीच्या तारा दाबताना दुखायचं म्हणून बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूरही खाली उतरवला, आणि तोच जड, खर्जातला आवाज 'हेवी मेटल' या रॉक संगीताच्या प्रकाराची ओळख झाला. अपघात झाला नसता तर हा आवाज कसा असता, कोण जाणे.

जाता जाता एक गंमत: 'येस्टरडे' या गाण्याची चाल 'बीटल्स'च्या पॉल मॅकार्टनीला झोपेत सुचली. शब्द तयार नव्हते, म्हणून तो बराच काळ त्या चालीवर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' (म्हणजे अंड्याची भुर्जी!) म्हणत होता. चाल दुसऱ्या कुणाची तर नाही ना, हे ओळखीच्यांना विचारत फिरला ते वेगळंच!