टोल घालवला, मग खड्डे कशातून भरायचे?

तू विचारलंस, "काका, कोल्हापूरनं टोल घालवला ते बरंच झालं, पण मग राज्यानं रस्ते दुरुस्तीला पैसा आणायचा कुठून? पेट्रोलवर आणखी दोन रुपये लावले तर चालतील का?" प्रश्न जिवाच्या जवळचा आहे. माझी नोकरी शाखा अभियंता म्हणून करवीर, पन्हाळा, राधानगरी भागातल्या रस्त्यांवर गेली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

आधी टोलचं. शहरातले जवळपास ५० किलोमीटर रस्ते एका खासगी कंपनीकडून सुमारे २२० कोटींत करून घेतले आणि बदल्यात ३० वर्षं वसुलीचा हक्क दिला. ऑक्टोबर २०१३ मध्ये नाके सुरू झाले. प्रा. एन. डी. पाटील सरांच्या मागं सगळं शहर रस्त्यावर उतरलं, आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायासुद्धा मोर्चाला होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. तो विरोध मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. ज्याला दुसरी वाट आहे, त्यानं चांगल्या रस्त्यासाठी टोल द्यावा, ते समजण्यासारखं आहे. पण टेम्पोतून भाजी आणणारा शेतकरी किंवा सीपीआर या सरकारी दवाखान्यात पेशंट घेऊन येणारी जीप शहरात शिरणार दुसरीकडून कुठून? मात्र एक गोष्ट आपण विसरतो. कंपनीची भरपाई राज्याच्या तिजोरीतून गेली. नाका उठला तरी पैसे आपणच भरले, फक्त पावती मिळाली नाही.

आता तुझे दोन रुपये. इंधनावरचा कर वसुलीला सोपा, आणि जो जास्त फिरतो तो जास्त भरतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर असल्यानं राज्याला व्हॅट स्वतः ठरवता येतो. पण तो पैसा थेट राज्याच्या एकत्रित निधीत जातो. त्यातले किती रस्त्यावर खर्च करायचे, याचं कसलंही बंधन नाही. केंद्रानं २००० साली कायदा करून इंधनावरच्या उपकराचा वेगळा रस्ते निधी उभा केला. राज्याच्या व्हॅटला तसं कुंपण नाही. जुलै २०२२ मध्ये राज्यानं पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, पण त्यामुळं कुठल्या रस्त्याचं डांबर मागं पडणार हे विचारायला कुणाला जागाच नव्हती. शिवाय आपण सीमेवरचे. कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं की ट्रकवाला निपाणीला टाकी भरतो आणि आपला रस्ता वापरून कोकणात जातो. विजेच्या गाड्यांचं तर विचारूच नको, त्या पंपावर येतच नाहीत. तेव्हा आणखी दोन रुपये लावण्याआधी, आहे त्या करातला ठराविक वाटा कायद्यानं दुरुस्तीसाठी बाजूला काढा, असं माझं म्हणणं आहे.

खरा मुद्दा वजनाचा आहे आणि त्यावर फार कमी लोक बोलतात. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवत ठेवले होते. त्यातून निघालेला ढोबळ नियम आम्ही अभियंते अजून वापरतो: एक्सलवरचं, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सोळापट होते. मोटारीच्या एका एक्सलवर पाऊण टन धर, भरलेल्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर दहा टन. झीज हजारो पट होते. डिझेल मात्र तो ट्रक मोटारीच्या चार-पाच पटच जाळतो. म्हणजे इंधनावरच्या कराला अंतर कळतं, वजन कळत नाही. त्यातच २०१८ मध्ये केंद्रानं चार टायरच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ तेरा टक्क्यांची दिसते, पण त्याच नियमानं झीज साठ टक्क्यांनी वाढते. गावाकडचे रस्ते ज्या जाडीचे होते त्याच जाडीचे राहिले.

आपल्याकडं याचं सगळ्यात ठळक रूप म्हणजे उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, आणि खाली तीन-पावणेचार मीटर रुंदीचा गावरस्ता. कारखान्याच्या वाटेवर डाव्या बाजूला चाकोऱ्या उमटलेल्या बघ. भरलेली वाहनं त्याच बाजूनं जातात, रिकामी उजवीकडून परत येतात. मग यांच्याकडून रस्त्याचे पैसे घ्या असं कुणीही पटकन म्हणेल. पण इथं थांबायला हवं. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करूनच शेतकऱ्याच्या हातात एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, पडते. वाहतुकीवर सरसकट कर लावला तर तो त्याच्या बिलातून कापला जाणार. म्हणून शुल्क जादा वजनापुरतंच असावं, आणि ते कारखाना व वाहतूकदारानं भरावं, उसाच्या बिलाला हात न लावता. मोजायला नवी यंत्रणाही नको. प्रत्येक ट्रॉली काट्यावर जातेच, त्या पावतीवर वजन छापलेलंच असतं. ती नोंद रस्ते खात्याला मिळू दे. इतर मालट्रकांवरचा वार्षिक करही एक्सलच्या भारावर ठरवावा. जास्त एक्सलांवर वजन वाटून नेणाऱ्याला सवलत द्यावी, म्हणजे मालकच तशी गाडी घेईल. भाड्यात थोडी वाढ होईल, भाजी-सिमेंट किंचित महागेल. ते मला मान्य आहे, कारण आज तोच खर्च आपण टायर, सस्पेन्शन आणि कंबरदुखीत भरतो.

पैसा आला तरी तो टिकला पाहिजे. नवा रस्ता भांडवली खर्चात बसतो, त्याला नारळ फुटतो, फलक लागतो. देखभाल महसुली खर्चात, तिला कुणी येत नाही, आणि तंगी आली की पहिली कात्री तिलाच. मी नोकरीला लागलो तेव्हा रस्त्याला मैलकुली असायचे. पावसाच्या तोंडावर साईडपट्टी खरवडायची, मोरीतला गाळ काढायचा, गटाराला उतार द्यायचा, एवढंच काम. गगनबावड्याच्या पावसात डांबर वाचायचं ते त्या फावड्यामुळं. पाणी साचलं की खालचा थर मऊ पडतो आणि मग दोन ट्रक पुरतात. ती माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत. म्हणून दुरुस्तीच्या निधीतला पहिला पैसा पाणी काढण्यावर जावा, डांबराचा नंबर त्यानंतर. २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला तर त्याची भरपाई आपत्ती निधीतून व्हावी, या पैशातून नको.

ठेकेदाराचंही थोडक्यात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणाऱ्याच्याच करारात पाच वर्षांची देखभाल असते. राज्याच्या सगळ्या कामांना हे लागू व्हावं, आणि देखभालीचं बिल वेळेत निघावं. थकलेल्या बिलावर कुणी जीव लावून काम करत नाही.

तुझ्या गावच्या रस्त्यापुरतं आजच करता येईल असं एक काम सांगतो. माहिती अधिकारात तीन गोष्टी माग: डांबराचा शेवटचा थर कधी पडला, दोषदायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) कधी संपतो, आणि गेल्या तीन वर्षांत देखभालीवर किती खर्च झाला. उत्तर आलं की इथं टाक, मोजमाप पुस्तकातल्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या सरकारी वहीतल्या, नोंदी कशा वाचायच्या ते मी दाखवतो.