वॉर्ड ऑफिसचा दरवाजा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

खालची उत्तरे महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांना धरून दिली आहेत. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे, बाकीच्या महापालिकांना १९४९ चा आणि नगरपरिषदा-नगरपंचायतींना १९६५ चा. त्यामुळे कलमांचे आकडे गावोगाव बदलतात. कामाची रीत मात्र बरीचशी सारखी आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाणी रोज सकाळी दोन तास येते. पहिली दहा-पंधरा मिनिटे गढूळ आणि वास मारणारे, नंतर स्वच्छ. तक्रार केली की माणूस येतो, तोवर पाणी स्वच्छ झालेले असते. तो 'पाणी ठीक आहे' असा शेरा मारून जातो. काय करावे?

तुमच्या पत्रात निदान जवळजवळ आलेच आहे. घाण पाणी फक्त सुरुवातीला येत असेल, तर बिघाड जलशुद्धीकरण केंद्रात नसतो, जवळपासच्या वाहिनीत असतो. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होत जातो आणि आत ओढ तयार होते. हाच पाइप गटारातून किंवा ड्रेनेजच्या चेंबरशेजारून जात असेल आणि त्याला गंजून भोक पडले असेल किंवा जोड सैल झाला असेल, तर बाहेरचे पाणी आत खेचले जाते. सकाळी दाब आला की तेच आधी तुमच्या नळाला येते. कुणी नळावर थेट मोटर लावत असेल तर ही ओढ आणखी वाढते. असे मोटर लावणे बेकायदा आहेच, पण त्याचा भुर्दंड शेजाऱ्यांच्या पोटाला बसतो हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

पुरावा असा जमवा. टाकीच्या आधीच्या, थेट लाइनच्या नळावर पारदर्शक बाटल्या भरा : पाणी आल्याबरोबर एक, दहा मिनिटांनी दुसरी, अर्ध्या तासाने तिसरी. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ चिकटवा आणि तिन्ही शेजारी ठेवून फोटो काढा. मग क्लोरीन तपासा. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून रंग पाहायचा साधा संच मिळतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे असे भारतीय मानक सांगते. पहिल्या बाटलीत रंगच आला नाही आणि तिसरीत आला, तर वाटेत शिरलेल्या घाणीने क्लोरीन खाऊन टाकले, हे कनिष्ठ अभियंत्याला वेगळे समजावावे लागत नाही.

त्यानंतर शेजारी विचारा. फक्त तुमच्याच इमारतीला त्रास असेल तर दोष मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपासून (जिथून तुमचा पाइप निघतो तो जोड) तुमच्या मीटरपर्यंतच्या जोडणीत आहे. ती जोडणी सहसा ग्राहकाच्या खर्चाने बदलावी लागते, आणि तीही परवानाधारक प्लंबरकडूनच. बदलताना पाइप गटाराच्या तळातून न नेता वरून, बाहेर आवरण घालून न्यायला सांगा. जुन्याच जागी नवा पाइप टाकला तर काही वर्षांत हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल. सगळ्या गल्लीला त्रास असेल तर काम पालिकेचे. मग तक्रारीत कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत घाण येते ते लिहा. अभियंता खड्डे घेऊन गळती शोधतो, तेव्हा त्याला हीच हद्द लागते.

तक्रार पाणीपुरवठा आणि ड्रेनेज अशा दोन्ही विभागांकडे करा. चेंबर तुंबून पाणी पाइपच्या वर चढलेले असणे हे अशा प्रकरणांत नेहमी सापडणारे कारण आहे, पण चेंबर उघडणे पाणी विभागाचे काम नाही, म्हणून तो उघडलाच जात नाही. आणि पाहणीसाठी पुरवठा सुरू व्हायच्या वेळेआधी यावे, असे तक्रारीत स्पष्ट लिहा.

जंतुतपासणीचा नमुना घरच्या बाटलीत नेऊ नका. त्यासाठी निर्जंतुक बाटली लागते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते नसेल तर पाण्यातले क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहते आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या, नमुना थंड ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी, उशिरात उशिरा २४ तासांत पोचवा. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय (मैल्यातून येणारे जंतू) अजिबात असता कामा नयेत.

दुरुस्ती होईपर्यंत पहिले पाणी टाकीत जाऊ देऊ नका, आधी वाहून द्या. पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाइप दुरुस्त झाला की टाकी धुऊन घ्या; नाहीतर जुनी घाण टाकीतूनच येत राहील आणि दुरुस्ती फसली असे वाटेल.

प्रश्न : पुण्यात जुना फ्लॅट विकत घेतला. खरेदीखत नोंदवले, सोसायटीने भागपत्रावर नाव चढवले. तरी मालमत्ता कराचे बिल आधीच्या मालकाच्याच नावाने येते. नोंदणी झाल्यावर नाव आपोआप बदलत नाही का?

तसे गृहीत धरू नका. दुय्यम निबंधक, सोसायटी, महावितरण, नगर भूमापन आणि पालिकेचा कर विभाग ही पाच वेगवेगळी दप्तरे आहेत आणि प्रत्येकाची नोंद वेगळी असते.

करासाठी कर आकारणी व कर संकलन विभागात हस्तांतराचा अर्ज करा. सोबत नोंदणीकृत खरेदीखताची प्रत, इंडेक्स टू (दुय्यम निबंधकाकडचा नोंदणीचा सारांश उतारा), चालू वर्षापर्यंत कर भरल्याची पावती, सोसायटीचे पत्र आणि ओळखपत्र लागते. अर्ज बहुधा अडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे थकबाकी. मागचा कर बाकी असेल तर नाव चढत नाही आणि बाकीवर दरमहा २ टक्के शास्ती वाढत राहते. म्हणून खरेदीच्या आधीच मिळकत क्रमांक घेऊन ऑनलाइन बाकी पाहायची असते. दुसरे कारण क्षेत्रफळाचे किंवा नावाचे. खतात एक आणि कर नोंदीत दुसरे असेल, तर फाइल निरीक्षकाकडे जाते. फरक असल्यास अर्जातच सांगून टाका, पाहणी लवकर होते.

१९४९ च्या अधिनियमातल्या कराधान नियमांनुसार हस्तांतराची लेखी सूचना विकणारा आणि घेणारा दोघांनीही तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. मालक वारला असेल तर वारसांना एक वर्षाची मुदत आहे. फ्लॅट विकून मोकळे झालो असे मानणाऱ्यांनी हे नीट वाचावे, कारण सूचना दिलीच नाही तर कराची जबाबदारी जुन्या मालकाच्या गळ्यातून सुटत नाही.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्क्यांची सवलत आहे. बिलात ती दिसत नसेल तर पीटी-३ अर्ज भरून राहत असल्याचा पुरावा जोडा. भाड्याने दिलेल्या घरासाठी मात्र हा अर्ज करू नका, पाहणीत ते उघड होते.

आणि एक. करपावतीवर नाव आले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे नाही. ती कर कुणाकडून वसूल करायचा याची नोंद आहे. मालकीचा आधार खत.

प्रश्न : अर्ज घेऊन गेलो तर 'साहेब नाहीत, ठेवून जा' म्हणतात. पोच देत नाहीत. दीड महिना झाला.

ठेवून जाऊ नका. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. कार्यालयातल्या आवक-जावक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तिथेही नकार मिळाला तर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. सगळ्यांत बरे म्हणजे नागरी सुविधा केंद्रात किंवा ऑनलाइन अर्ज करणे. तिथे क्रमांक आपोआप पडतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. सेवांची नावे, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि अपील अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, अपिलात नेमके पदनाम लिहायला उपयोगी पडतो. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर त्यानंतर ३० दिवसांत प्रथम अपील करा. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो. त्यावर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होते. रक्कम मोठी नाही, पण प्रथम अपिलाची नोंद झाली की फाइल हलते, असाच सर्वसाधारण अनुभव आहे.

एक गल्लत टाळा : दाखला, नोंद, जोडणी, परवानगी या 'सेवा' आहेत. खड्डा, कचरा, बंद दिवा या 'तक्रारी'. तक्रारींना हा कायदा लावून अपील केले तर ते परत येते.

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. सुनेचे बाळंतपण तिच्या माहेरी, संभाजीनगरच्या रुग्णालयात झाले. जन्मदाखला कुठे मिळेल? बाळाचे नाव अजून ठरलेले नाही.

जिथे जन्म, तिथेच नोंद. म्हणजे छत्रपती संभाजीनगर महापालिकेत. नाशिकला कितीही खेपा घातल्या तरी उपयोग नाही. रुग्णालयात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि मुदत २१ दिवसांची. नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला विनाशुल्क मिळायला हवा.

नाव ठरले नाही म्हणून नोंद थांबवू नका. नाव नंतर घालता येते : १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेले नाव हौसेने बदलून मिळत नाही, लेखनातली चूक तेवढी दुरुस्त होते. म्हणून बारसे उरकल्यावर, स्पेलिंग कागदावर लिहून, घरातल्या सगळ्यांना दाखवूनच अर्ज द्या. आई-वडिलांची नावे आधारकार्डाप्रमाणे आहेत ना, हे रुग्णालयाच्या माहिती फॉर्मवर सही करण्याआधी पाहा. बहुतेक चुका तिथेच शिरतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरे कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. नोंद राहून एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही, आणि अलीकडे अशा उशिराच्या अर्जांची छाननी कडक झाली आहे.

प्रश्न : रस्ता डांबरून एक पावसाळाही टिकला नाही. तक्रार केली की खडी टाकून जातात. ठेकेदाराला कुणी जाब विचारत नाही का?

विचारता येतो, पण त्याआधी कागद हाती हवा. रस्त्याच्या ठेक्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो आणि त्या काळात दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. तो काळ चालू असताना पालिका स्वतःच्या पैशाने खडी टाकत असेल, तर तुमचा मुद्दा तोच.

हा कागद माहिती अधिकारात मागा. अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, हा महाराष्ट्राचा नियम आहे. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. मजकूर साधारण असा : 'अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या डांबरीकरणाबाबत (१) कार्यादेशाची प्रत, (२) दोषदायित्व कालावधी नमूद असलेल्या करारपृष्ठांची प्रत, (३) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती, (४) त्रयस्थ तपासणी अहवालाची प्रत द्यावी.' 'रस्ता का खराब झाला?' असे विचारू नका. कायद्याने माहिती म्हणजे दप्तरी असलेली नोंद, खुलासा मागता येत नाही आणि अर्ज नेमका त्याच कारणाने निकाली निघतो. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याचे शुल्क २० रुपये आहे.

खड्ड्यामुळे कुणाला इजा झाली असेल तर ते प्रकरण वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या बळींसाठी भरपाई ठरवून दिली : मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना इजेनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. दाव्यासाठी खड्ड्याचा जागेसह फोटो, पोलिसांकडची नोंद आणि रुग्णालयाचे कागद लगेच जमवा. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला जातो.

प्रश्न : सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी गच्चीवर आली आहे. आवार आमचेच, मग परवानगी कशाला?

झाड खासगी जागेत असले तरी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. छाटणीसाठीही वृक्ष अधिकाऱ्याकडे म्हणजे उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. सोबत सोसायटीचा ठराव, जागेचा कागद आणि झाडाचे दोन फोटो द्या : एक संपूर्ण झाडाचा, दुसरा नेमक्या फांदीचा. 'झाड धोकादायक आहे' एवढेच लिहू नका. प्रजाती, फांदीची अंदाजे जाडी, ती कशाला टेकते आणि नेमकी कुठून छाटायची ते लिहा. ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष धरले जाते, त्याची परवानगी सहज मिळत नाही. झाड पडण्याच्या बेतात असेल तर अर्ज बाजूला ठेवून १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. फांदी विजेच्या तारेला टेकत असेल तर तिला हात न लावता आधी वीज कंपनीला फोन करा.