अंदमानला किती दिवस?

"सहलीचे दिवस ठरवतानाच आमचं इतकं वाजतं की नको ती सहल असं होतं." दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीआधी हे वाक्य मला सांगलीत हमखास ऐकायला मिळतं. पाच दिवस की आठ, एवढ्यासाठी समुपदेशकाकडे कशाला जायचं, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. त्या आकड्याला धरून माणसं अशा गोष्टी बोलत असतात ज्या एरवी तोंडातून निघत नाहीत. एका जोडप्याचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनीताताई शाळेत शिकवतात. विजयरावांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. घरात सासूबाई, त्यांना रोज इन्शुलिन लागतं. मुलगा शिकायला पुण्यात. दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं दोघांच्याही मनात होतं, पण ताई दहा दिवसांवर अडून बसलेल्या आणि विजयराव चारावर.

"मॅडम, ह्यांच्या हातून पैसा सुटत नाही बघा," ताई म्हणाल्या.

"शाळेतल्या बायका जाऊन आल्या, म्हणून हिला पण दहा दिवस पाहिजेत," विजयरावांचं उत्तर.

मी दोघांपुढे कागद ठेवला आणि दिवस मांडायला सांगितले. सांगलीहून रात्री निघून मुंबई, तिथून चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचं श्रीविजयपुरम. जायला एक दिवस, यायला एक दिवस. विजयरावांच्या चारातले दोन इथेच संपले. पुढे हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, बोटीने साधारण दोन तास. हवा बिघडली की बोट रद्द, आणि नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरात वादळांचा महिना. त्यातून बेटं इतकी पूर्वेला की आपल्याच घड्याळात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे "दुपारी पोचू आणि फिरू" हा हिशेब तिथे चालत नाही. ताईंना स्कुबा करायचं होतं. पाण्याखाली जाऊन आल्यावर विमानात बसण्याआधी 18 ते 24 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणजे शेवटचा दिवस त्यासाठी नाही. बाराटांग बेटावरच्या गुहांना जायचं तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याबरोबरच गाडी सोडतात, पहाटे निघावं लागतं आणि तो अख्खा दिवस जातो. विजयरावांची मागणी एकच होती, सेल्युलर जेल नीट बघायचं, धावतपळत नाही.

ताईंनी मोबाईलवर वाचलेलं एक संशोधन पुढे केलं. नेदरलँड्समधल्या नोकरदारांवरचं, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेलं: लांब सुट्टीत माणसाला सगळ्यात बरं आठव्या दिवशी वाटतं. अभ्यास खरा आहे. पण ती माणसं सरासरी तीन आठवडे सुट्टीवर होती. त्यातला आठ हा आकडा उचलून आपल्या घरात लावता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

कागदावर बेटांवरच्या सहा रात्री निघाल्या, घरापासून घरापर्यंत आठ दिवस. हिशेब विजयरावांना पटला. तरी ते म्हणाले, "मग राहूच दे. जायलाच नको."

दिवसभर आकड्यांत वावरणारा माणूस हिशेब पटूनही अडतो, तेव्हा अडचण पैशाची नसते असं मी मानते. मी विचारलं, "चार दिवस ठीक आहेत. पाचव्या दिवशी काय होईल असं वाटतं?"

बराच वेळ ते हातातला मोबाईल नुसता उलटासुलटा करत राहिले. मग ऑगस्ट 2019 निघाला. ते हळदीच्या सौद्यासाठी तमिळनाडूत इरोडला गेले होते. इकडे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, कोल्हापूरजवळ महामार्ग बंद झाला आणि विजयराव बेळगावच्या एका लॉजवर अडकले. गोदामात पाणी, घरात पाणी, फोन लागेना. "तेव्हापासून गावाबाहेर मुक्काम म्हटलं की पहिलं हेच येतं डोक्यात, परत पोचता येईल का. आणि तिथं तर मध्ये समुद्र."

ताई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्हाला मालाचीच काळजी होती." आणि थोड्या वेळाने, "आईंना बोटीत मी बसवलं. इन्शुलिन पिशवीत बांधून मी नेलं. पाणी ओसरल्यावर घरही मीच धुतलं. कुणी एकदा तरी म्हणालं का, आता तू जरा बस?"

त्यांचे दहा दिवस तिथून आले होते.

यानंतर बोलणं सोपं झालं असं नाही, पण मुद्द्याचं झालं. भीती दिवस कमी करून कमी होत नाही, परतीची आणि घरची व्यवस्था लागली की होते. म्हणून पाडव्याचं वहीपूजन आणि भाऊबीज झाल्यावर निघायचं. मिरजेच्या वन्सं सासूबाईंजवळ राहायला येतील, इन्शुलिन त्या देतील. गोदामाच्या किल्ल्या दिवाणजींकडे. परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच, म्हणजे एखादी बोट रद्द झाली तरी विमान चुकणार नाही. दुकानाचा फोन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. हॅवलॉकवर दोन दिवस काहीही बघायचं नाही, ताई म्हणतील तेव्हा राधानगर बीचवर बसायचं. बाराटांग यादीतून गेलं. गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. तुमच्याकडे दिवस कमी असतील तर ठिकाणं कमी करा, बसण्याचा वेळ कमी करू नका, हा माझा आग्रह असतो.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? जावा खुशाल."

ते गेले. परतीच्या आदल्या दिवशी सकाळची बोट रद्द झाली, दुपारची मिळाली. विजयरावांनी जेट्टीवरून बहिणीला फोन केला, आईची साखर विचारली आणि चहा प्यायला गेले, असं ताईंनी सांगितलं. पुढच्या भेटीला विजयराव एकटे आले. पावसाळ्यात रात्री दोन-तीनदा उठून ते नदीची पातळी बघतात, गेली कित्येक वर्षं. त्यावर आमचं काम आता चालू आहे.