दुपारी झोपणारा फझ आणि पावसाळ्यात रुसलेलं लॅकर

गणपतीच्या आधी महिना-दीड महिना माझ्या टेबलावर डॉल्बीवाल्यांचे ॲम्प्लिफायर रचलेले असतात. त्यामुळे गिटार पेडलांविषयीच्या तुमच्या प्रश्नांना यावेळी उत्तरं द्यायला उशीर झाला. पत्रं बरीच आली, जागा तेवढीच आहे. म्हणून एका प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, बाकीच्यांनी थोडक्यात समजून घ्यावं.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतून दोन एसी१२८ ट्रान्झिस्टर काढून मी फझ फेस (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं पेडल) बांधला. आमचा सराव मित्राच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत चालतो. सकाळी पेडल झकास वाजतं. दुपारी आवाज तुटक होतो, मग जवळजवळ बंदच पडतो. संध्याकाळी परत ठीक! सगळे सोल्डर पुन्हा मारून झाले. काय करू? (एक वाचक, जयसिंगपूर)

सोल्डरला सोडा आता, त्याची काही चूक नाही. तुमचं पेडल उन्हाने आजारी पडतंय. आर्बायटर कंपनीने (पुढे डॅलस आर्बायटर) इंग्लंडमध्ये १९६६ साली हा गोल तबकडीसारखा फझ बाजारात आणला, तेव्हा जयसिंगपूरच्या पत्र्याखालचा मे महिना कुणाच्या डोळ्यांसमोर असणार?

तुमचे एसी१२८ जर्मेनियमचे आहेत. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : बेस, कलेक्टर आणि एमिटर. जर्मेनियमच्या बेसला काहीही दिलं नाही, तरी कलेक्टरमधून थोडा करंट झिरपत राहतो. हे लीकेज. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ते साधारण दुप्पट होतं. सकाळी २५ अंश आणि दुपारी पत्र्याखाली ४५ अंश, म्हणजे लीकेज चौपट झालं. फझ फेसमध्ये दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना थेट जोडलेले असतात, मध्ये कपॅसिटर नाही. पहिला बिघडला की दुसऱ्यालाही घेऊन जातो.

तपासायचं असं. मल्टिमीटर लावून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचं व्होल्टेज बघा, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते साधारण ४.५ च्या आसपास हवं. दुपारी ते एखाद्या टोकाला सरकलेलं दिसलं, तर रोग पक्का. त्या कलेक्टरला ८.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो. त्याच्या जागी २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवा आणि तुम्ही ज्या वेळी वाजवता, त्या वेळच्या उष्णतेत ४.५ व्होल्टवर आणून ठेवा. सकाळी सात वाजता सेट करून दुपारी नावं ठेवू नका.

पण ट्रान्झिस्टरच फार गळका असेल तर प्रीसेट किती पुरणार? म्हणून ते आधी मोजून घ्या. एसी१२८ पीएनपी जातीचा आहे, तेव्हा एमिटर बॅटरीच्या प्लसला जोडा. २.४ किलोओहम आणि ६८ ओहम सिरीजमध्ये घेऊन त्यातून कलेक्टर मायनसला न्या. बेस मोकळा ठेवा. आता या रेझिस्टरवर पाव व्होल्ट दिसला, तर लीकेज १०० मायक्रोअँपिअर आहे. तेवढं चालतं. अर्धा व्होल्ट म्हणजे काठावर. एक व्होल्टाच्या पुढे गेलं तर तो नग रेडिओच्या डब्यात परत ठेवा. मग बेसला २.२ मेगाओहममधून मायनस द्या आणि नवीन आकड्यातून आधीचा वजा करा. राहिलेल्या व्होल्टला शंभरने गुणलं की गेन, म्हणजे ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा मिळतो. पहिल्या जागी ७०-८० गेनचा आणि कमी गळणारा, दुसऱ्या जागी १२० च्या आसपासचा, ही जोडी सहसा गोड वाजते. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरायचा नाही. बोटाच्या उबेने आकडा डोळ्यांदेखत चढतो, आणि तो चढताना एकदा मुद्दाम बघाच, म्हणजे दुपारचं कोडं आपोआप सुटेल.

अजून दोन गोष्टी. बोर्डावर सॉकेट लावा आणि ट्रान्झिस्टर त्यात खोचा. सोल्डर करायचाच असेल तर पाय नोज प्लायरने पकडून करा, उष्णता चिमट्यात जाऊ दे. आणि पीएनपीचा हा फझ पॉझिटिव्ह ग्राउंडवर चालतो, म्हणजे त्याचा डबा बॅटरीच्या प्लसला जोडलेला असतो, बाकीच्या पेडलांचा मायनसला. त्याला बॅटरीच द्या. बाकीच्या पेडलांच्या एकाच अडॅप्टरवर याला टांगलंत तर सप्लाय सरळ शॉर्ट होईल.

हे सगळं नको असेल तर बीसी१०८ किंवा बीसी५४७ घालून सिलिकॉनचा बांधा. तो उन्हाला फारसा भीक घालत नाही. मात्र हे दोन्ही ट्रान्झिस्टर एनपीएन, म्हणजे पीएनपीच्या उलट जातीचे आहेत, तेव्हा बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटे बसतील. गेन जास्त असल्याने कधीकधी रेडिओ स्टेशन ऐकू येतं. त्यावर बेस आणि कलेक्टरच्या मध्ये १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावायचा. जर्मेनियममध्ये जादू आहे असं मुलं मला येऊन सांगतात. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की जर्मेनियमचा आवाज सुंदर स्वच्छ होतो, सिलिकॉनचा तितका होत नाही, हे मला मान्य. पण व्हॉल्यूम दहावर ठेवून जे वाजवतात, त्यांनी डोळे बांधून ओळखून दाखवावं. माझ्या टेबलावर अजून कुणी पैज लावलेली नाही.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. भावाच्या पेडलच्या ॲल्युमिनियम डब्यावर ॲक्रिलिकने आखाडा आणि पैलवान रंगवले, वरून स्प्रेचं लॅकर मारलं. जुलै महिना होता. सगळं पांढरट झालं, आणि फूटस्विचच्या नटाभोवती रंगाचा पापुद्रा निघाला. पावडर कोटिंग करून घेऊ का? (एक वाचक, राजारामपुरी)

पैलवान धुक्यात हरवला म्हणायचा! जुलैत कोल्हापुरात वाळत घातलेले कपडे चार दिवस ओले राहतात, तिथे लॅकर काय करणार. त्यातला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या थरात अडकतं. त्याचाच तो पांढरेपणा. कोरड्या दिवशी हेअर ड्रायरने डबा कोमट कर आणि लांबून थिनरचा अगदी हलका फवारा दे. बहुतेक वेळा धुकं उतरतं. जास्त मारलास तर ॲक्रिलिक ओघळेल, तेव्हा आधी डब्याच्या तळाशी करून बघ.

पापुद्र्याचं कारण वेगळं. ॲल्युमिनियमवर रंग नुसता धरत नाही. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, थिनरने पुसणं आणि वर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा अस्तराचा रंग, एवढं हवंच. लोखंडाचा रेड ऑक्साईड इथे उपयोगाचा नाही. रंगापूर्वी सगळी भोकं पाडून घे : फूटस्विचला १२ मिलिमीटर, जॅकला साडेनऊ ते दहा, पोटेन्शिओमीटरला (बटण फिरवायचा भाग) सात-आठ. सेंटर पंच मार, आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल घाल. रंग आठवडाभर मुरू दे. नटाखाली नायलॉनचा वॉशर टाक, आणि आवळताना स्विच आतून धरून ठेव, नाहीतर वॉशर रंग सोलतच फिरतो.

पावडर कोटिंग जरूर कर, उद्यमनगरात किंवा शिरोलीत काम करणारे भेटतील. भट्टी १८०-२०० अंशांची असते, म्हणजे डबा पूर्ण रिकामा करून द्यायचा आणि स्क्रूच्या भोकांत जुने स्क्रू फिरवून ठेवायचे. मॅट काळा किंवा विटकरी रंग घे, हलकं घासून त्यावर चित्र काढ. एक गोष्ट सगळे विसरतात : पावडरीतून वीज जात नाही. इनपुट जॅक आतून जिथे टेकतो, तिथला थर कानशीने खरवडून पांढरं ॲल्युमिनियम उघडं कर. डबा ग्राउंडला लागला नाही तर चित्र कितीही देखणं असो, पेडल ट्यूबलाइटसारखं घुंई करत बसेल.

अक्षरांसाठी रेडियमच्या दुकानातला स्टिकर नको, बुटाखाली त्याच्या कडा उचकटतात. नंबर प्लेटवाल्यांसारखी एनॅमलने ब्रशने लिही. फेरिक क्लोराइडने ॲल्युमिनियमवर नक्षी कोरायचा बेत असेल तर द्रावण खूप पातळ कर आणि उघड्यावर काम कर. तांब्यावर ते निवांत चालतं, ॲल्युमिनियमवर फसफसून तापतं.

भाऊ वायरिंग करतो आणि तू रंगवतेस, तर थोडं वायरिंगही शिकून घे. या गावात बाबुराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले आणि सिनेमाचा कॅमेराही स्वतः घडवला.

प्रश्न : राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला, जळका वास आला, पेडल बंद. संपलं का? (कागल)

बहुधा नाही. गिटार पेडलमध्ये साधारणपणे पिनच्या मध्ये मायनस असतो, राउटरच्या अडॅप्टरमध्ये बहुतेक वेळा प्लस. सप्लायजवळ १एन४००१ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलटा जोडलेला असेल तर वास त्याचाच, तो बाकीच्यांसाठी मेला. तो बदला आणि लावून बघा. नवीन बांधताना सिरीजमध्ये १एन५८१७ डायोड टाका, मग उलटा अडॅप्टर लावला तर पेडल फक्त चालू होणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, रात्री उशिरापर्यंत खोलीत सोल्डरिंग करतो. त्या धुरात शिसं असतं ना? (एक आई, मंगळवार पेठ)

वहिनी, धूर असतो तो सोल्डरमधल्या राळेचा. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही. पण राळेचा धूर छातीला चांगला नाही, दमा असेल तर मुळीच नाही. खिडकी उघडी ठेवा आणि छोटा पंखा धूर बाहेर ढकलेल असा ठेवा. शिसं बोटांना लागतं, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय चिवडा नाही, आणि सोल्डरची तार दातांत धरायची नाही. आयर्नला स्टँड घेऊन द्या, गादीवर काम करू देऊ नका.

९ व्होल्टच्या पेडलने शॉक बसत नाही, तिथे निर्धास्त राहा. घरातला ॲम्प्लिफायर मात्र त्याने उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले राहतात. उघडायची फारच हौस असेल तर रविवारी माझ्याकडे पाठवा, समोर बसून उघडू. दहावीच्या मार्कांचं तेवढं मला विचारू नका, तो विभाग दुसऱ्या पानावर आहे.