आधी लेखकाला विचार

प्रिय,

तुझा मेल वाचला. नॉनफिक्शनचं एडिटिंग करायचंय, नोकरी सोडून फ्रीलान्स करावं का, आणि त्याआधी कुठला कोर्स करू, असं विचारलंयस. कोर्सचं नंतर बघू, आधी मी हे कुठे शिकले ते सांगते.

एमए झाल्यावर मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका प्रकाशनात प्रुफं तपासायला लागले. एक फॉर्मा म्हणजे सोळा पानं, सकाळी आलेला फॉर्मा संध्याकाळी परत द्यायचा, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ आपोआप डोळ्यात भरायला लागलं. पण मजकूर वाचायला खरं म्हणजे तिथे येणाऱ्या लेखकांनी शिकवलं. कोणी रिटायर्ड इंजिनिअर, कोणी डॉक्टर, कोणी आयुष्यभर शेतीवर काम केलेला माणूस. ही माणसं बोलायला बसली की तासभर हलावंसं वाटायचं नाही, आणि लिहायला बसली की "सदर बाब निदर्शनास आली" असं लिहायची. बोलणं आणि कागद यांत एवढं अंतर का पडतं, हेच माझ्या डोक्यात बसलं आणि पुढे माझं सगळं काम त्यावरच उभं राहिलं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचंच नाही. वर्डमधले ट्रॅक चेंजेससुद्धा (केलेल्या दुरुस्त्या दाखवणारी सोय) बंद. नुसतं वाचायचं, जिथे अडलं, कंटाळा आला किंवा विश्वास बसला नाही तिथे वहीत पान नंबर टाकायचा. मग लेखकाला फोन. वाक्य बदलून पाठवू नकोस, प्रश्न विचार. "निदर्शनास आलं म्हणजे कोणाला दिसलं, तुम्ही तिथे होतात का, काय बघितलंत?" पुढचं वाक्य तेच बोलतात बघ, तू फक्त लिहून घे आणि त्यांना वाचून दाखव.

एक उदाहरण देते, पुण्यातल्या आठवणी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास येतं. एका काकांच्या हस्तलिखितात पानशेतच्या पुराचं प्रकरण होतं, "मी डोळ्यांनी पाहिलं, पाणी चढत होतं" वगैरे. पूर आला १२ जुलै १९६१ ला, आधी पानशेतचं धरण फुटलं आणि मग खडकवासल्याचं, आणि काकांचा जन्म पहिल्याच पानावर १९५९ चा दिलेला. आता हे कापून टाकणं सोपं होतं. मी विचारलं, "काका, हे तुमच्या घरी कोण सांगायचं?" थोडा वेळ ते गप्प झाले, मग म्हणाले, आई. आणि मग आईने काय उचललं, काय राहिलं, हे त्यांनी तिच्याच शब्दांत सांगितलं. ते पान आता आईच्या तोंडून आहे आणि पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच आहे. तारखा तपासायच्या त्या यासाठी, लेखकाला पकडण्यासाठी नाही.

जुनी पत्रं किंवा कागद उद्धृत केले असतील तर त्यांच्या शुद्धलेखनाला हात लावू नकोस. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पत्रात ते असतील तर तसेच ठेवायचे, तो त्या काळाचा पुरावा आहे. शंका आली तर मूळ कागद मागव. इतिहासाचं काम असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसायची सवय लाव, १९१० पासूनची संस्था आहे, गूगलवर न सापडणारं बरंच तिथे मिळतं.

पैशाचं आता थोडक्यात. आधी दहाएक पानांचं सॅम्पल करून दे, त्याचे पैसे घे. भाषा सुधारायची, रचना बदलायची की नुसतं प्रूफ, हे लिहून घे, कारण लोक तिन्हीला एडिटिंगच म्हणतात आणि भांडणं तिथेच होतात. अर्धे पैसे आधी. फाइल जुन्या फाँटमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे तो वेळ वेगळा धरायचा, कोणी आपणहून देत नाही.

नोकरी लगेच सोडू नकोस असं मला मनापासून वाटतं. एक पुस्तक पूर्ण होईपर्यंत संध्याकाळी कर. लेखक चिडतो, रडतो, मध्येच चार महिने गायब होतो, त्या काळात तुझा जीव टांगणीला लागू नये. आणि चिडला तर वाद घालू नकोस, दोन दिवस जाऊ दे, मग त्याच्याच वाक्यावर परत बोल. आपलं पुस्तक कोणीतरी खरंच वाचलंय हे कळलं की बहुतेक लेखक मऊ होतात.

माझ्याकडे सध्या एका शिक्षिकेचं हस्तलिखित आलंय, शाळेतल्या अनुभवांचं. त्यांना विचारून त्यातलं पहिलं प्रकरण तुला पाठवते. काहीही दुरुस्त करू नकोस, फक्त त्यांना विचारायचे प्रश्न लिहून शनिवारी घरी ये, आपण दोघी मिळून त्यांना फोन लावू.